पावती पुस्तक छापायच्या आधी

नमस्कार मंडळी. आज जरा पैशाचं बोलूया, म्हणजे दुसऱ्यासाठी गोळा केलेल्या पैशाचं. कोल्हापुरात कुणाच्या पोराच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले की संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर विषय निघतो आणि दोन दिवसांत चौकात बोर्ड लागतो, मदतीसाठी फुटबॉल मॅच, मदतीसाठी ऑर्केस्ट्रा, नाहीतर मिसळ महोत्सव. २०१९ च्या महापुरात तर आपण सगळ्यांनीच बघितलंय, मदत कशी धावून येते ते. आणि हे काय आजचं नाही, आपल्या कोल्हापूरच्या गायकनट केशवराव भोसल्यांनी १९२१ साली बालगंधर्वांबरोबर मुंबईत संयुक्त मानापमान नाटक केलं ते स्वातंत्र्याच्या चळवळीसाठीच्या टिळक स्वराज्य फंडासाठीच की.

पण काम पुण्याचं आहे म्हणून कायदा बाजूला सरकत नाही, हे काय बऱ्याच पोरांच्या डोक्यात शिरत नाही. तुमचं मंडळ नोंदणीकृत ट्रस्ट नसेल आणि तुम्ही लोकांकडून असे पैसे गोळा करणार असाल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी काढायची. गणपतीला काढता ना, तीच. अर्ज ऑनलाइन होतो, मंडळाचा ठराव लागतो, सभासदांची ओळखपत्रं लागतात, आणि काम झाल्यावर जमाखर्च सादर करावा लागतो. गणपतीला सगळी आठवणीनं काढतात आणि मदतीच्या कार्यक्रमाला विसरतात, कारण वाटतं की कोण विचारतंय. विचारतात हो, आणि बहुतेक वेळा पहिला प्रश्न आपल्याच पेठेतला कुणीतरी विचारतो.

म्हणून पैसे कुणाच्या पर्सनल नंबरवर घेऊ नका. क्यूआर कोड अध्यक्षाच्या मेव्हण्याच्या खात्याचा आणि वर फोटो आजारी पोराचा, असं दिसलं की माझा हात खिशाकडे जातच नाही. मंडळाचं खातं असेल तर त्यात घ्या, नसेल तर देणाऱ्याला सरळ हॉस्पिटलमध्ये त्या पेशंटच्या बिलापोटी भरायला सांगा आणि तिथली पावती घ्यायला सांगा. आणि वर्गणी म्हणजे राजीखुशीचा मामला, दुकानदाराच्या दारात दहा जण उभं राहून पावती फाडली तर तो खंडणीची तक्रार करू शकतो, मग कारण कितीही चांगलं असू दे. इन्कम टॅक्समध्ये सूट मिळेल असं माइकवरनं सांगून टाकू नका, देणगीवर करसूट द्यायची, म्हणजे आपण ८० जी म्हणतो ती, मान्यता असलेल्या संस्थेलाच ते सांगता येतं, आणि तिथंही दोन हजाराच्या वरच्या कॅश देणगीला सूट नाही. अमेरिकेतला भाचा पैसे पाठवतो म्हणाला तर आधी विचारा पासपोर्ट कुठला आहे. भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतलं देत असेल तर ठीक, तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो पैसा परदेशी देणगी ठरतो, आणि त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते.

आता लकी ड्रॉ. शंभर रुपयाचं कूपन, पहिलं बक्षीस मोटरसायकल. हे आपल्याकडं इतकं चालतं की कुणाला त्यात वावगं वाटतच नाही, पण तिकीट विकून नशिबावर बक्षीस काढायचं म्हणजे ती लॉटरी झाली आणि लॉटरी काढायचा अधिकार १९९८ च्या कायद्यानं फक्त राज्य सरकारांना आहे. मंडळानं काढली तर गुन्हा. हौजीत पैसे लावले तर तीच गत. त्यापेक्षा लिलाव करा की! पेठेच्या टीमची सही केलेली जर्सी बोलीवर लावा, आपल्याकडं फुटबॉलचा नाद बघता बोली कुठल्या कुठं जाईल, आणि त्यात नशिबाचा खेळ नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, माणसं घरी नीट गेली पाहिजेत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण बघितलं, आत प्रेक्षक नव्हते हे नशीब. हरियाणात डबवालीला २३ डिसेंबर १९९५ ला ते नशीब नव्हतं. शाळेचा बक्षीस समारंभ, कापडाचा मांडव, बाहेर पडायला एकच वाट, आणि चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात लहान पोरं किती! म्हणून मांडव घालताना दोन तरी रुंद वाटा सोडा, आणि फुकटे आत घुसतात म्हणून मागचं गेट कुलूप लावून बंद करायची जी आपली खोड आहे ती सोडा, गेटवर दोन पोरं उभी करा. जनरेटर मांडवाला चिकटून नको, मिसळीचा गॅस कापडापासून लांब, आग विझवायचं नळकांडं नुसतं टांगून नको, ते चालवता येणारा माणूस पाहिजे. तिकिटं मैदानात मावतील तेवढीच छापायची, शेवटच्या क्षणी अजून दोनशे घुसवायची नाहीत. पोलीस स्टेशन, महापालिका, फायर ब्रिगेड यांची पत्रं आधीच काढून ठेवा. खाण्याचा स्टॉल एका दिवसाचा असला तरी अन्न परवान्याची नोंदणी लागते. आणि स्पीकर रात्री दहाला बंद.

एक गोष्ट मात्र बोर्ड छापायच्या आधीच करा. पेशंट ज्या हॉस्पिटलात आहे ते धर्मादाय आहे का विचारा. असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते ऑपरेशन बसतं का तेही बघा. कधी कधी दोन कागद जमवले की मॅचची गरजच उरत नाही.

आणि तरी पैसे गोळा केले, ऑपरेशन स्वस्तात झालं, किंवा देव न करो पेशंटच राहिला नाही, तर उरलेल्या पैशाचं काय? हे पैसे आल्यावर ठरवायला गेलं की भांडणं होतात, भाऊबंद म्हणतात आमचे, मंडळ म्हणतं आमचे. म्हणून पावतीच्या खाली एक ओळ आधीच छापा, उरलेली रक्कम कुठल्या कामाला जाणार ते, आणि तीच ओळ ४१ क च्या अर्जालाही जोडा.