शर्मनच्या माथ्यावरील साठ नळ्या

पडद्यावर दिसणारा रणगाडा अमेरिकी बनावटीचा शर्मन आहे आणि त्याच्या बुरुजावर उभारलेली साठ नळ्यांची अवजड चौकट म्हणजे दुसऱ्या महायुद्धात वापरलेली टी-34 ही रॉकेट डागण्याची यंत्रणा होय. या क्रमांकाचा सोव्हिएत टी-34 रणगाड्याशी काहीही संबंध नाही. सैनिक तिला ‘कलायोपी’ म्हणत. वाफेवर वाजणाऱ्या, नळ्यांच्या एका वाद्याचे हे नाव आहे.

आता चौकटीपासून खाली तोफेच्या नळीपर्यंत येणारा दांडा नीट पाहावा, कारण या यंत्रणेचे सारे मर्म त्यात आहे. बुरूज फिरला की चौकट फिरते, आणि तोफेची नळी वर-खाली झाली की त्या दांड्यामुळे साठही नळ्या तिच्यासोबत वर-खाली होतात. रॉकेटांचा रोख साधण्यासाठी वेगळी यंत्रणा बसवावीच लागली नाही. तोफचीच्या हाताला सवयीच्या असलेल्या साधनांनीच ते काम होत असे. ही काटकसर ज्यांना सुचली, त्या अभियंत्यांची दखल फारच थोड्यांनी घेतली आहे. मात्र त्याची किंमतही होती: मूळ रचनेत चौकट बसवलेली असताना मुख्य तोफ डागता येत नसे. तोफ गमावणे रणगाड्यातील सैनिकांना मान्य नव्हते, म्हणून आघाडीवर त्यांनी स्वतःच या जोडणीत बदल करून तोफ पुन्हा वापरात आणली.

मागच्या बाजूने नळ्या भरणारे हे सैनिक चिलखताच्या बाहेर, उघड्यावर उभे आहेत. 4.5 इंच व्यासाचे प्रत्येक रॉकेट सुमारे 17 किलो वजनाचे असल्याने सर्व नळ्या भरायच्या म्हणजे एक टनाहून अधिक भार हातांनी उचलावा लागे, आणि हे श्रम प्रत्येक माऱ्यानंतर नव्याने करावे लागत.

डिसेंबर 1944 मध्ये 743व्या रणगाडा बटालियनच्या 30 शर्मनांवर ही यंत्रणा बसवण्यात आली होती. परंतु बेल्जियम-लक्झेंबर्गमधील आर्देनच्या जंगली प्रदेशात जर्मन हल्ला सुरू झाला, नियोजित चढाई बारगळली आणि एकही रॉकेट न डागता चौकटी उतरवाव्या लागल्या. पुढे 1945 मध्ये मात्र या यंत्रणेने प्रत्यक्ष मारा झाला. पल्ला सुमारे 4 किलोमीटर असला तरी नेम ढोबळ होता. त्यामुळे मारा एखाद्या बिंदूवर नव्हे, तर संपूर्ण परिसरावर होई, आणि त्या परिसराचे काय झाले ते पुढील दृश्यांत दिसते.

हा प्रयोग एकट्या अमेरिकेचा नव्हता. सोव्हिएत सैन्याने हलक्या टी-60 रणगाड्याच्या सांगाड्यावर 82 मिलिमीटर रॉकेटांसाठी 24 रुळांची यंत्रणा बसवली होती. कोल्डस्ट्रीम गार्ड्स या ब्रिटिश पलटणीने 1945 मध्ये शर्मनच्या बुरुजाच्या दोन्ही बाजूंना टायफून विमानांची रॉकेटे जोडली. उडत्या विमानाचा वेग पाठीशी असताना ती सरळ जात; रणगाड्यावरून सुटताना तो वेग नसल्याने सुरुवातीलाच भरकटत, म्हणून ती जवळच्या लक्ष्यांवरच उपयोगी पडत.