मिरचीचं पान कुणीकडं वळलंय?

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

भोकरदन-सिल्लोडकडं उन्हाळी मिरची लावली की महिनाभरात बांधाबांधावर एकच बोलणं असतं, “बोकड्या आला,” म्हणजे पानं आखडून वळायला लागली. अन् बोकड्या म्हटलं की आपण लगेच पंप पाठीला अडकवतो. माझी हात जोडून विनंती आहे, पंपाच्या आधी एक पांढरा कागद घेऊन रानात जा.

सकाळी शेंड्याखाली कागद धरा, शेंडा दोन-तीनदा झटका. पिवळसर, बारीक, लांबुळके जीव कागदावर सरसर पळाले तर ते फुलकिडे. त्यांनी रस शोषला की पानाच्या कडा वर वळतात, पान होडीसारखं होतं. पान खाली वळलं अन् देठ लांबला, तर तो कोळी. त्याला बघायला भिंगच लागतं. कोळ्याला पाय आठ, तो कीटकच नव्हे. म्हणून किड्यांची बरीच औषधं त्याला लागूच पडत नाहीत.

एका वर्षी मी हे न बघताच दर चार दिवसांनी फवारत गेलो. फुलकिडे जरा हटले, पण मावा खाणारे ढालकिडे मेले, कोळी खाणाऱ्या क्रायसोपा या मित्रकिडीच्या अळ्या मेल्या. मग कोळ्याला खाणारं रानात कुणी उरलंच नाही. पुढं सगळी पानं खाली वळली. तो प्लॉट आठवला की आजही जीव हळहळतो.

तेव्हापासून माझी भिस्त निंबोळी अर्कावर. वाळलेल्या निंबोळ्यांची 5 किलो भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून चांगली पिळून गाळायची, 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घालायचा, अन् सगळं मिळून 100 लिटर करायचं. हा झाला 5 टक्के अर्क. त्याच दिवशी वापरा. उन्हानं त्याचा गुण जातो, म्हणून ऊन उतरल्यावर फवारा, अन् नोझल पानाच्या खालच्या अंगाला धरा. कीड तिथंच बसते.

जोडीला शेंड्याच्या उंचीवर चिकट सापळे लावा. निळे फुलकिड्यांसाठी, पिवळे पांढऱ्या माशीसाठी. प्लॉटभोवती मक्याच्या दोन ओळी आधीच पेरा. युरियाचा हात आखडा, कारण लुसलुशीत पाल्यावर कीड आधी तुटून पडते. आणि पांढऱ्या माशीनं विषाणू आणलेलं, खुजं, बारीक पानांचं झाड बरं होत नाही. ते दिसताच उपटून पुरा.

ज्येष्ठ-आषाढात कडुनिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. घरातल्या पोराबाळांना घेऊन त्या वेचा, गर धुऊन काढा, सावलीत वाळवा अन् गोणपाटाच्या पोत्यात भरा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी धरते.