खटला दाखल होतो त्या दिवसापासून

(नागपूर येथे कायदा आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, कायद्याच्या अभ्यासक्रमात आपण निकाल वाचतो, तेही बहुतेक उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे. नागपूरला ही सवय जुनी आहे. 1936 मध्ये इथे स्वतंत्र उच्च न्यायालय आलं, 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ राहिलं. निकालपत्राची ओळ न् ओळ सोलून काढणारे वकील या शहराने घडवले, आणि मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. पण जिल्हा न्यायालयात दाखल होणाऱ्या खटल्यांपैकी फार थोडे तिथवर पोचतात. बाकीचे तडजोडीत संपतात, मागे घेतले जातात, फिर्यादी येत नाही म्हणून निघून जातात, नाहीतर एका तारखेवरून दुसऱ्या तारखेवर जात राहतात. संशोधन फेलो म्हणून माझा संबंध येतो तो या बाकीच्यांशी. कायद्याने जे ठरवलं ते प्रत्यक्षात किती वेळा, कुणाच्या बाबतीत आणि किती उशिरा घडतं, हे मोजायचं.

एकच उदाहरण घेऊ आणि त्यावर थोडं थांबू. चेक न वटल्याचा खटला, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138. हे कलम 1 एप्रिल 1989 पासून लागू आहे. पुढे त्यात कलम 143 ची भर पडली, की तक्रार दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवण्याचा प्रयत्न व्हावा. मग प्रत्यक्षात किती दिवस लागतात? हा प्रश्न तुम्हाला संध्याकाळपर्यंत उरकण्यासारखा वाटेल. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड, म्हणजे न्यायालयांतल्या खटल्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ, 2015 पासून सर्वांना खुलं आहे, प्रत्येक खटल्याला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर हा ओळख क्रमांक आहे, दाखल तारीख आहे, निकालाची तारीख आहे. वजाबाकी करा, सरासरी काढा.

तसं केलं की आकडा येतो, आणि तो चुकीचा असतो. निकाली निघालेलेच खटले घेतले तर त्यात लवकर मिटलेल्यांची गर्दी होते, कारण रेंगाळणारे अजून निकाली निघालेलेच नाहीत. न्यायालय आहे त्यापेक्षा वेगवान दिसतं. उलट आज प्रलंबित असलेल्यांचं वय काढलं तर न्यायालय आहे त्यापेक्षा मंद दिसतं. मेडिकलच्या वॉर्डात कुठल्याही एका दिवशी जा. तिथे महिनाभर पडून असलेला रुग्ण भेटण्याची शक्यता एका दिवसात घरी गेलेल्यापेक्षा कितीतरी जास्त. प्रलंबित खटल्यांचं तसंच आहे.

यावरची वाट वैद्यकशास्त्रानेच दाखवली आहे. एका वर्षात दाखल झालेले सगळेच्या सगळे खटले घ्यायचे आणि पुढे त्यांच्या मागे जायचं. जो अजून संपला नाही त्याला टाकून द्यायचं नाही. ‘इतके दिवस झाले, अजून चालू आहे’ ही सुद्धा माहितीच आहे. कॅप्लन आणि मायर या संख्याशास्त्रज्ञांनी 1958 मध्ये अशा अपुऱ्या नोंदींसाठीची पद्धत मांडली. कायद्याच्या विद्यार्थ्याने ती शिकावी, असं मला फार वाटतं. विलंबाबद्दल आपण सगळेच तावातावाने बोलतो, पण कुठल्या टप्प्यावर किती खटले अडकले हे सांगता आलं तरच त्या बोलण्यावर कुणाला काही करता येईल. चेकच्या खटल्यात तर युक्तिवादापर्यंत पोचण्याआधीच समन्सची बजावणी हा मोठा डोंगर असतो. आरोपी पत्त्यावर सापडत नाही, समन्स परत येतं, पुढची तारीख पडते. सहा महिन्यांचं घड्याळ मात्र तक्रारीच्या दिवसापासूनच चालू झालेलं असतं.

हे टप्पे कुठे दिसतात? रोजनाम्यात. प्रत्येक तारखेला काय झालं याच्या त्या दोन-तीन ओळी. ‘आरोपी गैरहजर’, ‘साक्षीदार हजर नाही’, ‘मुदतीचा अर्ज मंजूर’, ‘न्यायाधीश रजेवर’. आमचा दिवस या ओळी वाचून त्यांना रकान्यांत बसवण्यात जातो. दोघांनी एकमेकांना न विचारता तेच रोजनामे वाचायचे, रकाने भरायचे आणि मग किती जुळलं ते तपासायचं. जुळलं नाही तर बहुधा आमचीच व्याख्या ढिली असते. उदाहरणार्थ, दोन्ही बाजूंनी मुदत मागितली तर ती कुणाच्या नावावर टाकायची? हे आधी लिहून ठेवलं नसेल, तर पुढचं सगळं गणित वाऱ्यावर.

आणि त्याही आधी ज्याच्या हातून ही नोंद होते त्याच्याजवळ बसायचं. हा माझा आग्रहच आहे. लिपिकाला विचारा, खटला एका न्यायालयातून दुसऱ्याकडे वर्ग झाला तर पहिल्याकडे तो कसा दाखवतात? बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, कोण लावतं, कुठले खटले आधी पुकारतात? या साध्या प्रश्नांची उत्तरं माहीत नसल्यामुळे जगभर गाजलेलं संशोधनही अडचणीत आलेलं आहे. 2011 मध्ये इस्रायलमधल्या पॅरोल मंडळांच्या 1,112 निर्णयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खाण्याच्या सुट्टीनंतर कैद्याच्या बाजूने निर्णय होण्याचं प्रमाण 65 टक्क्यांच्या आसपास, आणि पुढच्या सुट्टीपर्यंत ते जवळजवळ शून्यावर. न्यायाधीशाच्या भुकेवर न्याय ठरतो, असं त्यावरून बोललं गेलं. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवलं की प्रकरणांचा क्रम कसाही, योगायोगाने लागलेला नव्हता. वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणं बहुधा सत्राच्या शेवटी येत, आणि अशा कैद्यांच्या बाजूने निर्णय तसेही कमीच होत. बोर्ड कसा लागतो हे विचारल्यावर अर्थच पालटला.

आपल्याकडचं एक मोठं काम सांगतो. 2010 ते 2018 या काळातले सुमारे 50 लाख फौजदारी खटले घेऊन अभ्यासकांनी तपासलं की न्यायाधीश आपल्याच धर्माच्या किंवा लिंगाच्या आरोपीला झुकतं माप देतात का. उत्तर आलं, सरासरीने जवळजवळ नाही. काम अतिशय कसोशीचं आहे. पण धर्म ओळखला तो नावावरून, मुस्लिम आणि मुस्लिमेतर असा. नागपूरच्या माणसाला इथे थांबावंसं वाटलं पाहिजे. 14 ऑक्टोबर 1956 ला याच शहरात बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांची आडनावं बदलली नाहीत. मुस्लिमेतर या एका रकान्यात इथला केवढा मोठा इतिहास दिसेनासा होतो! जामिनात जातीचा काय परिणाम होतो हे विदर्भात तपासायचं, तर नावाच्या यादीवर भागणार नाही. माणसांशी बोलावं लागेल.

आता 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं कलम 302 चं 103 झालं. त्या तारखेनंतर फक्त 302 शोधत बसलात तर नागपुरातले नवे खून आलेखात जवळजवळ नाहीसेच होतील. जुन्या-नव्या कलमांचा तक्ता करणं कंटाळवाणं आहे, पण ते आधी करा.

माणसांशी बोलण्याबद्दल. बंगळुरूच्या ‘दक्ष’ संस्थेने 2016 मध्ये देशभरातल्या पक्षकारांना विचारलं. दिवाणी पक्षकाराला एका तारखेचा खर्च सरासरी 497 रुपये आणि बुडालेली कमाई 844 रुपये पडत होती. गडचिरोलीहून खंडपीठाच्या कामासाठी दीडशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून येणाऱ्याला हे पटायला आलेख लागत नाही. तरी लक्षात ठेवा, न्यायालयाच्या आवारात विचारलं तर भेटतो तो अजून तारखांना येणारा माणूस. परवडलं नाही म्हणून येणं सोडलेला घरी असतो. त्याचा पत्ता दाखल नोंदीतच मिळतो, आणि त्याच्या गावी जावंच लागतं.

तिथे गेल्यावर लोक आपल्याला कोर्टातला माणूस समजतात. ‘साहेब, आमची तारीख जरा लवकर लावून द्या ना,’ म्हणतात. आपण कोण, माहिती कशासाठी हवी, तिचा त्यांच्या खटल्यावर काहीही परिणाम होणार नाही, आणि नकार दिला तरी चालेल, हे मराठीत, गरज पडेल तिथे गोंडीत, सावकाश सांगायचं. मगच वही उघडायची. नाव खोडलं की ओळख लपली, असंही समजू नका. लहान गावात वय, खटल्याचा प्रकार आणि वर्ष एवढ्यावरून सगळ्यांना माणूस कळतो. म्हणून माहिती खुली करताना गाव काढून आम्ही जिल्हा ठेवतो, वय गटात टाकतो, आणि कौटुंबिक किंवा बालकांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांच्या मूळ नोंदी देतच नाही.

तुमच्यापैकी कुणाला या कामात यायचं असेल तर सुरुवात इथूनच करा. कुठल्याही एका न्यायालयाचे, एका महिन्यात दाखल झालेले कलम 138 चे सगळे खटले घ्या. निकाली आणि प्रलंबित, दोन्ही. रोजनामे वाचा, तुमचे रकाने ठरवा, आणि त्यांच्या व्याख्या लिहून मैत्रिणीला द्या. फेलोशिप बहुधा एक-दोन वर्षांची असते आणि खटला त्याहून लांब चालतो. तुमच्या मागून येणाऱ्याला तो पुढे मोजता यायचा असेल, तर त्या व्याख्यांची वही त्याच्या हातात पडली पाहिजे.