ज्याच्यावाचून वर्गाचे अडते

(परदेशातल्या एका मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नागपूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेने केलेल्या भाषणाचे संपादित रूप.)

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते आणि मित्रहो,

खाजगी शाळेत शिकणाऱ्या मुलाला ती शाळा आपली केव्हा वाटते, या विषयावर मी बोलावे अशी सूचना आपण केली, आणि त्यामागचे कारण माझ्या लक्षात आले आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले इथल्या खाजगी शाळांत जातात आणि पुष्कळांचा जीव अजून नागपुरातल्या जुन्या शाळेत अडकलेला आहे. माजी विद्यार्थ्यांच्या गटात वर्गणी निघाली की पहिला आकडा बहुधा परदेशातूनच येतो. मी बोलणार आहे ते नागपूरबद्दल, कारण माझी सगळी नोकरी तिथल्या एका अनुदानित मराठी शाळेत झाली आणि निवृत्तीनंतरचा काही काळ एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेला. दोन्ही शाळा खाजगीच होत्या, पण दोहोंतल्या मुलांचे शाळेशी असलेले नाते फार वेगळे होते.

आपल्याकडची माध्यमिक शाळा बहुधा खाजगीच असते, याचा बाहेर राहिल्यावर थोडा विसर पडतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक माध्यमिक शाळा कुठल्या ना कुठल्या शिक्षणसंस्थेने चालवलेल्या आहेत. त्यांतल्या अनुदानित शाळांत इमारत संस्थेची, शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून आणि फी इतकी थोडी, की तिची घरात चर्चाही होऊ नये, अशी व्यवस्था वर्षानुवर्षे चालत आली. महाल, धंतोली, सीताबर्डी, धरमपेठ या भागांतल्या ज्या शाळांची नावे निघताच आता तुमच्यापैकी काहींनी एकमेकांकडे पाहिले, त्यांतल्या बऱ्याच या प्रकारच्या. तिथे डॉक्टरांचा मुलगा, रेल्वेतल्या कारकुनाचा मुलगा आणि एम्प्रेस मिलमध्ये पाळी करून येणाऱ्या कामगाराचा मुलगा एका बाकावर बसत, आणि कोणाचे वडील किती फी भरतात हा प्रश्नच निर्माण होत नसे.

तरीही त्या शाळांचे मी गोडवे गाणार नाही. ‘अ’ तुकडी आणि ‘ड’ तुकडी यांच्यातले अंतर तिथेही होते, हजेरी घेताना आडनावावर किंचित थांबणारे आवाज तिथेही होते आणि गॅदरिंगच्या नाटकात राजाचे काम कोणाला आणि भालदाराचे कोणाला, हे बरेचदा आधीच ठरलेले असे. नागपूरच्या शाळांच्या इतिहासात तर याहून कठोर गोष्टी आहेत. जाईबाई चौधरी यांनी रेल्वे स्थानकावर हमाली केली, मिशनऱ्यांच्या मदतीने त्या शिकल्या आणि एका मिशन शाळेत शिकवू लागल्या. पण अस्पृश्य स्त्री आपल्या मुलांना शिकवते हे पालकांना सहन झाले नाही आणि ती नोकरी गेली. पुढे १९२० च्या दशकात त्यांनी संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा नागपुरात स्वतः सुरू केली. खाजगी शाळेत कोणाला आपले मानायचे हा निर्णय पालक किती सहज आपल्या हातात घेतात, हे आजच्या पालकसभेत मला दिसते तेव्हा मला जाईबाईंची आठवण होते. तेव्हा हरकत जातीवरून घेतली गेली. आज ती फीवरून घेतली जाते आणि तिची भाषा सभ्य असते, एवढाच काय तो फरक, आणि तोही नेहमी खराच असतो असे नाही.

विनाअनुदानित शाळेत गेल्यावर मला पहिल्यांदा जाणवले ते हे, की तिथले पालक गिऱ्हाईक म्हणून शाळेत येतात. त्यात त्यांचा दोष नाही. जो माणूस घरखर्चाचा मोठा वाटा फीवर घालवतो तो हिशेब मागणारच, आणि महाराष्ट्रात फी नियमनाचा कायदा करून पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला फीवाढीत बोलण्याचा अधिकार दिला गेला तो योग्यच झाला. बिघडते ते पुढे. आमच्या जुन्या शाळेत मुले पाळीपाळीने वर्ग झाडत असत, फळा पुसत असत, पाण्याची टाकी भरली की नाही ते पाहत असत. ती सवय मी नव्या शाळेत आठवड्यातून एका तासापुरती सुरू करून पाहिली. दुसऱ्याच आठवड्यात एक सद्गृहस्थ आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “मॅडम, एवढी फी भरून राहिलो आम्ही, अन् पोरगं शाळेत झाडू मारून राहिलं?” त्यांच्या मागोमाग आणखी काही पालक आले, व्यवस्थापनाने सफाईचे कंत्राट एका एजन्सीला दिले होतेच, आणि तो तास बंद झाला.

त्या तासाबरोबर जे गेले त्याबद्दल मला बोलायचे आहे. मुलाला शाळा आपली वाटते ती तिथे आपल्यावाचून काहीतरी अडते हे त्याला कळते तेव्हा, अशी माझी अनेक वर्षांच्या निरीक्षणातून पक्की झालेली समजूत आहे. त्याचे कौतुक होणे, त्याला मित्र मिळणे, त्याचा वाढदिवस परिपाठात जाहीर होणे या गोष्टी चांगल्याच आहेत. पण त्या सगळ्या त्याला मिळतात, त्याच्याकडून कोणाला काही मिळत नाही. फी घेणाऱ्या शाळेत सगळेच विकत घेतलेले असते, म्हणून मुलाने द्यावे असे काही उरतच नाही. त्याने यावे, शिकावे, गुण मिळवावेत आणि ऑटोत बसून घरी जावे. तो आठवडाभर आला नाही तर त्याचा अभ्यास बुडतो. वर्गाचे काहीच बुडत नाही, आणि हे त्याला आपल्या आधी कळलेले असते.

याचे एक उदाहरण सांगते. विदर्भात शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, कारण आमचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या आसपास तळ ठोकून असतो आणि पावसाच्या आधी मुलांना वर्गात कोंबणे हा शहाणपणा नव्हे. त्यामुळे पहिला पाऊस बहुतेक शाळेच्या पहिल्याच दिवसांत येतो. भूगोलाच्या एका शिक्षकांनी गच्चीवर पर्जन्यमापक बसवला आणि रोज सकाळी साडेआठला त्यातले पाणी मोजून आकडा फलकावर लिहिण्याचे काम सातवीतल्या एका मुलीला दिले. ती कोणाशी फारशी बोलत नसे. शिक्षण हक्क कायद्याने वंचित मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांतून ती आली होती. वर्गातली मुले वाढदिवसाला सगळ्यांना भेटवस्तू वाटत आणि तिचा वाढदिवस मात्र दरवर्षी नेमका सुट्टीत येतो असे ती सांगत असे. ऑगस्टमध्ये तिला ताप आला आणि तीन दिवस फलक कोरा राहिला. तेव्हा दहावीची मुले विचारायला आली, कारण त्यांच्या प्रकल्पाला महिन्याची बेरीज हवी होती. मुख्य लिपिकांनी विचारले. चौकीदारानेही विचारले, त्याला पावसात फार रस होता अशातला भाग नव्हता, पण रोज सकाळी गच्चीची किल्ली मागायला येणारे कोणी आले नव्हते. ती परत आली तेव्हा चार जणांनी तिला एकाच दिवशी ‘कुठे होतीस’ असे विचारले, आणि पुढची दोन वर्षे गच्चीची ती किल्ली मिळावी म्हणून इतर मुले तिच्याशी भांडत राहिली. एखाद्या मुलाशी कोणी भांडू लागले की शिक्षकाने निम्मी काळजी सोडून द्यावी, असे माझे मत आहे.

आता त्या पंचवीस टक्क्यांविषयी, कारण आपल्यापैकी अनेकांनी हा कायदा लागू होण्यापूर्वीच नागपूर सोडले असेल. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात, आणि त्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकार ठरलेल्या दराने शाळेला परत करते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली; उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्या काही महिन्यांत नागपुरातले जे आईबाप सेतू केंद्रांत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभे होते, त्यांना आपले मूल कुठल्या शाळेत जाणार हे सांगता येत नव्हते.

या कायद्यातली खरी फट वेगळी आहे, आणि ती कोर्टकचेरीच्या बातम्यांत दिसत नाही. हा हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. या तरतुदीतून पहिलीत आलेली आमच्याकडची पहिली मुले २०२० च्या सुमारास नववीच्या उंबरठ्यावर पोचली आणि तिथे त्यांच्यासमोर इतर मुलांसारखीच पूर्ण फी येऊन उभी राहिली. आठ वर्षे एका शाळेत काढलेले मूल दहावीची परीक्षा दुसऱ्याच शाळेतून देते, बरेचदा माध्यम बदलून देते, आणि ते नेमके त्या वयात, जेव्हा मैत्री हाच मुलांचा निम्मा अभ्यासक्रम असतो. दाखला काढायला येणारे पालक फीचे नाव क्वचितच घेतात. “घर दूर पडते,” असे ते म्हणतात. कार्यालयातले सगळे मान हलवतात, कारण खरे कारण दोन्ही बाजूंना माहीत असते. ज्या शाळेने आठ वर्षे ‘आपण सगळे एक कुटुंब’ हे वाक्य दर स्नेहसंमेलनात म्हटले, तिची परीक्षा या टेबलापाशी होते.

फी भरू शकणाऱ्यांचीही स्थिती फार बरी आहे असे नाही, पण त्याबद्दल थोडक्यातच बोलते. अकरावी-बारावीत कोचिंगवाल्यांशी जोडलेल्या कॉलेजात नाव घालायचे आणि तिकडे फिरकायचे नाही, ही पद्धत नागपुरात इतकी रुळली की २०१८ मध्ये शासनाने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला आणि त्यात नागपूर विभागाचे नाव घालावे लागले. ते लोण आता ‘फाउंडेशन’ म्हणवणाऱ्या कोचिंग वर्गांच्या नावाने आठवीपर्यंत उतरले आहे. त्या मुलाचा वर्ग एकीकडे, हजेरी दुसरीकडे आणि डबा खाण्याची जागा तिसरीकडे असते. त्याला शाळेविषयी राग नसतो, काहीच नसते.

इथल्या आपल्या मुलांसाठी मला एकच सुचवावेसे वाटते. पालक म्हणून शिक्षकांना भेटाल तेव्हा मुलाला मित्र आहेत का, तो मिसळतो का, हे जरूर विचारा. पण त्याच्याकडे वर्गाचे असे कोणते काम आहे, जे तो गेला नाही तर राहून जाते, हेही विचारा. ते काम नाटकाच्या पडद्यामागचे असो, वाचनालयातल्या कपाटाचे असो की सामन्यात गुण मांडण्याचे. आणि मुलाला एखादे कष्टाचे, मळकट काम दिले गेले तर कृपा करून तक्रार घेऊन जाऊ नका.

राहिली आपल्या नागपूरच्या शाळांना द्यायची मदत. गेल्या काही वर्षांत माजी विद्यार्थ्यांनी शाळांना स्मार्ट बोर्ड दिले, प्रवेशद्वारे दिली, एका बॅचने तर लिफ्ट दिली. शाळांनी ते आनंदाने घेतले. मी पण घेतले असते. माझी विनंती अशी, की यापुढची वर्गणी आठवी पूर्ण केलेल्या पंचवीस टक्क्यांतल्या मुलांच्या नववी-दहावीच्या फीसाठी द्यावी, आणि तिच्यात व्हॅनचे भाडे व सहलीचा खर्चही धरावा, कारण फी माफ झालेले मूल सहलीच्या दिवशी घरी राहिले तर फीमाफीचा अर्थ सगळ्या वर्गाला कळतो. त्या मुलांना मंचावर बोलावून धनादेशासह त्यांचे छायाचित्र काढू नये. पैसे शाळेच्या खात्यात जमा व्हावेत, पावती फीचीच निघावी आणि मुलाला तिच्यावर इतरांपेक्षा वेगळे काही लिहिलेले दिसू नये.

यात एक कायदेशीर अडचण आहे, ती आत्ताच सांगितलेली बरी. ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र आहे ते आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवतात ती रक्कम परकीय देणगी ठरत नाही. पण ज्यांनी इथले नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी २०१० च्या एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याखाली येते, मग त्यांच्याकडे मूळच्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड का असेना, आणि त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशा संस्थेला ही रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. तेव्हा मंडळाने सरसकट वर्गणी गोळा करून पाठवू नये. शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे ही नोंदणी किंवा परवानगी आहे का ते आधी विचारावे, आणि नसेल तर भारतीय पारपत्र असलेल्यांनीच परस्पर शाळेकडे पैसे पाठवावेत.

आणि वेळ. शाळा जूनअखेर उघडत असली तरी आठवीचा निकाल त्याच्या बराच आधी लागतो आणि दाखला काढायचा निर्णय घराघरांत त्याच दिवसांत होतो. जूनमध्ये आलेला पैसा उशिरा आलेला असतो. म्हणून फीची व्यवस्था झाली आहे असा निरोप मुख्याध्यापकांच्या हाती मार्च संपण्यापूर्वी पोचावा, म्हणजे निकालाच्या दिवशी त्या पालकांशी काय बोलायचे ते त्यांना ठरवता येईल.