लो बँडवर ऐकण्यासाठी वेगळा अँटेना

मित्रहो, १६० किंवा ८० मीटरवर (हेच लो बँड, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीचे पट्टे) रात्री बसणाऱ्या बहुतेक हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, एक तक्रार असते: समोरचा मला ऐकतोय, पण त्याचं उत्तर मला ऐकू येत नाही. मग महागडा रिसीव्हर घ्यावा, प्रीॲम्प (सिग्नल आधीच वाढवणारं यंत्र) लावावा असं वाटू लागतं. त्याआधी वेगळ्या रिसीव्हिंग अँटेनाचा विचार करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

१.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे १६० मीटरवर, अँटेनातून येणारा गोंगाट रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठा असतो. हजारो किलोमीटरवर कडाडणाऱ्या विजा, शेजारचा चार्जर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, सोलर इन्व्हर्टर, सगळं त्यात आलं. अँटेनाने सिग्नल कमी उचलला आणि गोंगाटही तेवढाच कमी उचलला, तर आपलं काहीच बिघडत नाही. एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) खाली आला तरी चालेल. नको त्या दिशा बंद झाल्या पाहिजेत. हे मोजण्यासाठी आरडीएफ हा आकडा वापरतात: हव्या दिशेचं ग्रहण सगळ्या दिशांच्या सरासरीपेक्षा किती डेसिबल जास्त. साध्या उभ्या अँटेनाचा आरडीएफ ५ च्या आसपास, फ्लॅग किंवा के९एवाय या छोट्या वेटोळ्याच्या अँटेनाचा (लूपचा) ७ च्या थोडा वर आणि लांब बेव्हरेजचा (जमिनीलगत ताणलेल्या तारेचा, त्याबद्दल पुढे) १० च्या आसपास असतो. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण गोंगाटाच्या काठावरचा कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) कळणार की नाही, हे तेवढ्यावरच ठरतं.

डिसेंबर १९२१ मध्ये हॅम पॉल गॉडली अमेरिकेहून स्कॉटलंडमधल्या अर्ड्रॉसनला गेले. तिथे सुमारे ४०० मीटर लांबीची तार बुटक्या खांबांवर ताणून त्यांनी अटलांटिकपलीकडचे हौशी सिग्नल ऐकले. ती तार म्हणजे हॅरल्ड बेव्हरेज यांचा अँटेना. तिची रचना आजही मला थक्क करते. जमिनीलगत येणारी लहर जमिनीच्या रोधामुळे किंचित पुढे कलते आणि त्या कलण्यामुळे तारेच्या लांबीत विद्युतदाब तयार होतो. हव्या दिशेकडच्या टोकाला ४५० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर लावून तो अर्थ करायचा, म्हणजे जमिनीत रोवलेल्या रॉडला जोडायचा. त्या दिशेने आलेली लहर तारेबरोबर वाढत दुसऱ्या टोकाला, तार केबलशी जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचते. मागून आलेली लहर उलट जाते आणि रेझिस्टरमध्ये जिरते. वाईट जमीन इथे उपकारक ठरते. खाऱ्या पाण्यावर हा अँटेना नीट चालत नाही. तार दोन-तीन मीटर उंच पुरते, लांबी मात्र एक तरंगलांबी तरी हवी. तेवढी जागा नसेल, तर लूपकडे वळा.

आता ज्यामुळे चांगले बांधलेले अँटेनाही वाया जातात, त्याबद्दल. कोॲक्सच्या (अँटेनापासून रिसीव्हरपर्यंतच्या केबलच्या) जाळीचा बाहेरचा पृष्ठभाग हीसुद्धा एक लांब तारच आहे. घरातला गोंगाट तिच्यावरून फीडपॉइंटपर्यंत (केबल अँटेनाला जोडते तिथपर्यंत) जातो आणि तिथून आत शिरतो. यालाच कॉमन मोड म्हणतात. उपाय असे: ट्रान्सफॉर्मरची दोन्ही वाइंडिंग एकमेकांपासून पूर्ण वेगळी ठेवा, ७३ मिक्सचा (फेराइटचा एक प्रकार) दोन भोकांचा बायनॉक्युलर कोअर यासाठी उत्तम. अँटेनाचा अर्थ रॉड आणि कोॲक्सच्या जाळीचा रॉड एकच नको, मध्ये काही मीटर अंतर ठेवा. फीडपॉइंटजवळ ३१ मिक्सच्या कोअरवर कोॲक्सचे वेढे घालून चोक (जाळीवरचा प्रवाह अडवणारी गुंडाळी) करा.

हे जमलं की नाही, ते रात्री बँड उघडा असताना तपासा. ट्रान्सफॉर्मरवरून तार आणि अर्थ सोडवा, त्यांच्या जागी ४५० ओहमचा रेझिस्टर लावा. बँड शांत व्हायला हवा. तरीही स्टेशनं ऐकू येत असतील, तर तुमची केबलच अँटेना झाली आहे. हे दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची मानतो.

देखभालीत पहिला संशय रेझिस्टरवर घ्या. जवळ वीज पडली की तो जळतो किंवा त्याची किंमत बदलते. वायरवाउंड रेझिस्टर लावू नका, त्यात इंडक्टन्स असतो. अँटेना नवा असतानाच शॅकमधून (रेडिओच्या खोलीतून) १.८ ते ७ मेगाहर्ट्झपर्यंत एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात त्याचा आकडा) मोजून आलेख जपून ठेवा. टर्मिनेशन (टोकाचा रेझिस्टर आणि त्याचा अर्थ) ठीक असेल तर रेघ बऱ्यापैकी सपाट असते. ते तुटलं की तीत लाटा दिसतात. तारेवर फांदी, उंदरांनी कुरतडलेली आरजी-६ कोॲक्स, गंजलेला एफ कनेक्टर हे जागेवर जाऊन पाहावं लागतं.

शेवटी ट्रान्समिट अँटेना. रिसीव्हिंग अँटेनाजवळ तो ट्यून होऊन उभा असेल, तर स्वतः उचललेला गोंगाट पुन्हा पसरवतो आणि दिशांचा सगळा हिशेब बिघडवतो. ऐकताना तो रिलेने डीट्यून करून (त्याचं ट्यूनिंग मोडून) पाहा. त्या क्षणी गोंगाटात किंवा मागच्या दिशेच्या स्टेशनाच्या पातळीत फरक पडला, तर तो रिले कायमचा बसवा. ट्रान्समिट करताना मात्र रिसीव्हिंग अँटेनाची केबल रिसीव्हरपासून वेगळी झालीच पाहिजे, नाहीतर रिसीव्हरचा फ्रंट एंड (सिग्नल आत घेणारा पहिला टप्पा) जळू शकतो.