गव्हातला घरभेदी

श्रोतेहो, नमस्कार.

गव्हाच्या पानावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी दिसली की समजावं, भुरी आली. पान अन्न तयार करण्यात कमी पडतं आणि दाणा नीट भरत नाही. ही बुरशी पानात शिरते ती गव्हाच्याच मदतीनं. गव्हात ‘एमएलओ’ नावाचं एक जनुक असतं. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीचा बचाव ढिला ठेवतं आणि बुरशी नेमका त्याचाच फायदा घेते. घरभेदीच म्हणा ना. हे जनुक बंद पडलं, तर बुरशीला पेशीची भिंत ओलांडता येत नाही.

हे कळलं ते गव्हाच्या नात्यातल्या बार्लीमुळे. 1942 साली जर्मनीत बार्लीच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडून केलेल्या प्रयोगांतून भुरीला दाद न देणारी रोपं मिळाली. पुढे इथिओपियातल्या जुन्या बार्लीतही असाच बदल सापडला, तोही आपोआप झालेला. त्यावर बेतलेले वाण युरोपात 1970च्या दशकाच्या अखेरीपासून शेतात आहेत आणि त्यांची प्रतिकारशक्ती टिकून आहे. बुरशी किती भराभर रूप बदलते ते पाहता हे नवलच.

मग गव्हात हे का जमलं नाही? बार्लीत या जनुकाची एकच जोडी आहे. पण गहू तीन रानगवतांच्या संकरातून जन्माला आलाय, त्यामुळे त्याच्याकडे तीन जोड्या, म्हणजे सहा प्रती आहेत. एक बिघडली तर उरलेल्या पाच काम चालू ठेवतात. सहाही प्रती एकाच रोपात आपोआप बिघडतील म्हणून वाट पाहायची, तर कितीही पिढ्या अपुऱ्या पडतील.

इथे जनुक संपादन, म्हणजे जनुकात ठरवून बदल करणं, कामाला येतं. 2012 साली जेनिफर डाउडना आणि एमॅन्युएल शार्पेंतिए यांनी ‘क्रिस्पर’ची पद्धत मांडली, त्यासाठी त्यांना 2020चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गव्हाच्या डीएनएत सुमारे 1600 कोटी अक्षरं, म्हणजे एकापुढे एक गुंफलेले रासायनिक घटक, आहेत, माणसाच्या पाचपट. त्यातली वीसेक अक्षरांची नेमकी जागा एक छोटा आरएनए शोधून काढतो आणि ‘कॅस-9’ नावाचं प्रथिन तिथे डीएनए तोडतं. पेशी तो तुटलेला भाग घाईघाईनं जोडते, जोडताना एखाद-दुसरं अक्षर गळतं किंवा जास्तीचं शिरतं आणि जनुक निकामी होतं. म्हणजे कापणारे आपण, बदल घडवते ती पेशीची स्वतःची डागडुजी. सहाही प्रतींतली ती जागा जवळपास सारखीच असल्यामुळे एकाच खटपटीत सगळ्या गाठता येतात. कापणारं साधन पुढच्या पिढीत संकर करून वेगळं काढता येतं, मग रोपात उरतो तो फक्त बदल.

2014 साली बीजिंगमध्ये गाओ चाइश्या यांच्या प्रयोगशाळेनं गव्हातल्या या सगळ्या प्रती बंद करून दाखवल्या, तेही ‘टॅलेन’ या क्रिस्परआधीच्या कापणाऱ्या साधनानं. भुरी हटली. पण रोपंही खुरटी राहिली, पानं लवकर पिवळी पडायला लागली. शत्रूला मदत करणारं ते जनुक घरातलंही काही काम करत होतं, हे जनुक काढल्यावरच ध्यानात आलं! या विषयावर बोलताना लोक कापण्याच्या कौशल्याचंच कौतुक करतात. मला वाटतं, खरं अवघड काम आहे ते काय कापायचं हे ठरवण्याचं. आणि ते ज्ञान येतं पैदासकारांनी वर्षानुवर्षं शेतात उभं राहून केलेल्या नोंदींमधून.

गव्हाच्या गोष्टीतही वाट निघाली ती अशाच बारकाईनं पाहण्यातून. त्या संपादित रोपांतच एका रोपाचा वंश निराळा निघाला: भुरी नाही आणि वाढही चांगली. तपासलं तेव्हा कळलं, की एका गुणसूत्रातला तीन लाखांहून अधिक अक्षरांचा तुकडाच गळून पडला होता. त्यामुळे शेजारचं, साखरेची ने-आण करणारं एक जनुक जास्त जोमानं चालू लागलं आणि वाढीची तूट भरून निघाली. हे 2022 साली प्रसिद्ध झालं. तोच बदल क्रिस्परनं इतर चांगल्या वाणांत काही महिन्यांत उतरवता आला. नेहमीच्या संकरानं त्याला कित्येक वर्षं लागली असती.

प्रत्येक गुण असा एका जनुकात सापडत नाही, हेही सांगायला हवं. दुष्काळात तग धरणं किंवा एकूण उत्पादन यांत शेकडो जनुकांचा हात असतो. तिथे एखादं जनुक बंद करून फारसं काही हाती लागत नाही. त्यामुळे ‘दुष्काळावर उपाय सापडला’ अशी बातमी आली, की मी आधी विचारतो: कुंडीत, की शेतात? आणि किती हंगाम?

आता कायद्याचं. जपानमध्ये ‘गाबा’ हे द्रव्य जास्त असलेला संपादित टोमॅटो 2021 साली विक्रीला आला. युरोपच्या न्यायालयानं मात्र 2018 साली अशी पिकं जनुकीय सुधारित पिकांच्याच कडक नियमांत बसवली. क्ष-किरणांनी किंवा गॅमा किरणांनी बदललेले जुने वाण त्या नियमांतून सुटलेले आहेत, ज्यांच्यात कुठे कुठे काय बदललं हे सहसा कोणी मोजलेलंही नसतं! ही विसंगती मला पटत नाही. 2023 साली युरोपीय आयोगानं हे नियम सैल करण्याचा प्रस्ताव मांडला.

पण उलट बाजूचा एक आक्षेप मला रास्त वाटतो. एक-दोन अक्षरं गळालेलं जनुक पाहून, ते माणसानं गाळलं की आपोआप गळालं, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. ज्यांना संपादित धान्य नको, त्यांना मग पेरणीपासून ठेवलेल्या नोंदींवर विसंबावं लागतं. त्या नोंदी कोणी ठेवायच्या आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हे मात्र बऱ्याच ठिकाणी अजून धडपणे ठरलेलं नाही.

नमस्कार.