बर्फ नसताना हातात काठ्या

(निवेदन)

नोव्हेंबरचे शेवटचे दिवस. फिनलंडच्या हेलसिंकीत दुपारचे साडेचार वाजलेत आणि मिट्ट काळोख झालाय. बर्फ अजून टिकत नाही. नुसती रिपरिप आणि चिखल. अशा हवेत कोणालाही घरात दार लावून बसावंसं वाटेल. पण शहराच्या पोटात उत्तरेकडे पसरत गेलेल्या केस्कुसपुइस्तो या जंगलात दिवे लागलेत आणि त्या उजेडात एक घोळका झपझप चाललाय. बहुतेक जण साठीच्या पुढचे. पायाखाली लाकडाचा भुसा पसरलेली मऊ वाट, प्रत्येकाच्या दोन्ही हातांत काठ्या, आणि गप्पांना खंड नाही.

हे नॉर्डिक वॉकिंग.

मुळात ही स्कीपटूंची गरज, म्हणजे पायांना स्की या लांब पट्ट्या बांधून, हातातल्या काठ्यांनी रेटत बर्फावरून घसरत जाणाऱ्यांची. उन्हाळ्यात बर्फ नाही, पण सराव तर मोडायचा नाही. म्हणून 1930 च्या दशकापासून फिनलंडचे स्कीपटू स्की घरी ठेवून नुसत्या काठ्या घेत आणि टेकड्या चढत. पुढे 1966 साली लेना यास्केलाइनेन या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेने हेलसिंकी परिसरात आपल्या विद्यार्थ्यांना काठ्या घेऊन चालवायला सुरुवात केली. तरीही सर्वसामान्य माणूस काही लगेच काठ्या घेऊन बाहेर पडला नाही. त्याला आणखी तीस वर्षं लागली. 1997 साली एक्सेल या कंपनीने खास चालण्यासाठी बनवलेल्या काठ्या बाजारात आणल्या. ‘सुओमेन लातू’ ही 1938 पासून लोकांना घराबाहेर काढणारी संस्था आणि विएरुमॅकीची क्रीडा प्रशिक्षण संस्था सोबत होत्या. 2000 साली आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी राहिली.

सुरुवातीला काठ्या घेऊन निघालेल्यांना रस्त्यात हमखास ऐकावं लागे, “काय हो, स्की घरी विसरलात का?”

आमच्या मते या प्रसाराचं खरं मर्म इथेच आहे. कोरड्या फुटपाथवर दोन काठ्या आपटत एकट्याने जायला कोणालाही संकोच वाटणार. दहा जण बरोबर असले, की टोमणा मारणाराच थबकतो. सुओमेन लातूच्या गावोगावच्या शाखांनी नेमकं हेच केलं. शिकवायला माणूस दिला, वार ठरवला, वेळ ठरवली, आणि लोक एकमेकांच्या भरवशावर बाहेर पडले. काठ्या कुठल्याही दुकानात मिळतात. मंगळवारी संध्याकाळी कोणीतरी आपली वाट पाहतंय, ही जाणीव दुकानात मिळत नाही.

फिनलंडला सगळ्यांनी मिळून तब्येत सुधारण्याची सवय आधीपासून होती. 1970 च्या सुमारास इथल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू जगात सर्वाधिक होते. 1972 साली पेक्का पुस्का या डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली नॉर्थ कारेलिया प्रांतात हे मृत्यू रोखण्याचा प्रकल्प सुरू झाला, आणि तो नुसता दवाखान्यात बसून चालला नाही. ‘मार्था’ या महिला संघटनेच्या बायकांनी गावागावांत बैठका घेऊन लोण्याचं आणि मिठाचं प्रमाण कमी करून स्वयंपाक शिकवला. पुढच्या चाळीस वर्षांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधले हे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटले. त्याचं श्रेय काठ्यांचं नव्हे. पण काठ्या रुजल्या, त्या अशा मातीत.

(दृश्य: हात आणि काठी, जवळून)

आता हा हात नीट पाहा. मनगटाला पट्टा आहे, बिनबोटांच्या हातमोज्यासारखा, आणि तो काठीला अडकवलेला. काठीचं टोक पुढे पडत नाही, पावलाच्या मागे तिरकं टेकतं. उजवा पाय पुढे, तेव्हा डावा हात पुढे. मग दाब देत हात कमरेच्या मागे जातो, आणि अगदी शेवटी मूठ उघडते. पाचही बोटं मोकळी. काठी पडत नाही, कारण पट्टा धरून आहे. खांदे, दंड, पाठ, सगळे कामाला लागतात ते या एका ढकलण्यामुळे. ट्रेकिंगची काठी आधाराला असते. ही पुढे लोटायला आहे.

डांबरी रस्त्यावर टोकाला रबरी टोपी लागते. जंगलाची वाट आली की ती काढायची, आत अणकुचीदार धातूचं टोक असतं.

फायद्याचं काय? डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटने 2002 साली मोजून पाहिलं. साध्या चालण्यापेक्षा साधारण 20 टक्के जास्त ऊर्जा खर्च झाली, पण दमल्याची जाणीव तेवढी वाढली नाही. कॅनडातल्या ओटावाच्या हृदयरोग संस्थेने 130 हृदयरुग्णांना तीन गटांत बारा आठवडे वेगवेगळे व्यायाम दिले, एका गटाला हे काठ्या घेऊन चालणं. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिन्ही गटांची तब्येत सुधारली, पण सहा मिनिटांत चालून जाण्याचं अंतर सगळ्यात जास्त वाढलं ते काठीवाल्यांचं.

गुडघ्यांबद्दल मात्र सांभाळून बोलायला हवं. जाहिराती सर्रास सांगतात, की काठ्यांनी गुडघ्यांवरचा भार कमी होतो. 2008 साली प्रयोगशाळेत झालेल्या मोजमापांत तो कमी झालेला आढळला नाही. गुडघे दुखतात म्हणून काठ्या घेणार असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सुरुवात करणाऱ्याला इथले प्रशिक्षक काठ्या टेकवायलाच लावत नाहीत. पट्टे अडकवा, हात सैल सोडा आणि काठ्या मागे फरफटत येऊ द्या. शंभरेक पावलांत हात आपोआप पायांच्या तालात हलायला लागतात. मग मूठ धरा, मग ढकला. लांबीचा हिशेबही सोपा आहे. उंचीला 0.68 ने गुणायचं. 160 सेंटीमीटर उंचीच्या बाईंना 110 ची काठी पुरते.

वेगाची कसोटी बोलण्याची. वाक्य पुरं करता यावं, गाणं म्हणता येऊ नये. आणि घोळक्यात सगळे सारख्या दमाचे नसतातच. पुढे निघून गेलेले वळून मागे येतात, सगळ्यात मागच्याला वळसा घालून पुन्हा पुढे जातात. त्यांचं अंतर जास्त होतं आणि मागचं कोणी एकटं पडत नाही.